थुंकी निगेटिव्ह, एक्सरे क्लिअर, तरी ताप जात नाही : फुफ्फुसाबाहेरचा टीबी आणि सोनोग्राफी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, आज दवाखाना लवकर आटोपला म्हणून लिहायला बसलोय. मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करतो, चौदा वर्षं झाली. टीबी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर खोकला, बेडका आणि छातीचा एक्सरे एवढंच येतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांच्याही तेवढंच येतं. पण आम्हाला कॉलेजात सर सांगायचे की केस आणि नखं सोडून टीबी कुठंही होतो. मानेच्या गाठी (जुन्या बायका गंडमाळ म्हणतात तीच), छातीत पाणी, हृदयाभोवती पाणी, आतडं, पांथरी (प्लीहा), मणका, गर्भाशय, मेंदूची आवरणं. या लोकांना खोकला असेलच असं नाही, मग थुंकी कुठून आणायची, आणि आणली तरी निगेटिव्हच येणार.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मागच्या पावसाळ्यात तेवीस वर्षांची मुलगी आली, माहेरपणाला आली होती. दीड महिना रोज संध्याकाळी ताप, सहा-सात किलो वजन उतरलेलं, आई म्हणाली जेवणावर वासनाच नाही हो हिची. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची सलाइनं दोनदा लावून झालेली. थुंकी नाहीच, एक्सरे नॉर्मल. चिठ्ठीवर फक्त "यूएसजी अ‍ॅब्डोमेन" एवढंच लिहिलेलं, ताप किती दिवस, संशय कशाचा, काही नाही. पोटाच्या नेहमीच्या मोठ्या प्रोबनं बघितलं तर पांथरी जराशी मोठी, बाकी सगळं गुळगुळीत. रिपोर्ट लिहून मोकळा झालो असतो. पण आईचं ते वाक्य डोक्यात राहिलं होतं म्हणून मुलीला उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्याशी घ्यायला सांगितला आणि मानेसाठी थायरॉइडसाठी वापरतो तो लिनियर प्रोब घेऊन बरगड्यांच्या फटीतून परत पांथरी बघितली. अख्ख्या पांथरीत काळे ठिपके, जोंधळ्याच्या दाण्याएवढे, तीन ते पाच मिलीमीटरचे, मोजायला लागलो तर विसाच्या पुढे. मोठ्या प्रोबनं ते दिसतच नाहीत, कारण त्याची लाट खोल जाते पण बारीक दाखवत नाही. मग नीट शोधलं तर महाधमनीच्या बाजूला दोन सेंटिमीटरच्या गाठी, मधोमध काळ्या, म्हणजे आत सडलेल्या, आणि डाव्या छातीत पाण्याची बारीक रेघ. एक्सरेत पाणी दिसायला साधारण दोनशे मिली तरी लागतं, सोनोग्राफीत त्याच्या कितीतरी आधी दिसतं.

तिच्या फिजिशियनना लगेच फोन केला, एचआयव्हीची तपासणी केली आहे का विचारलं. केलेली नव्हती. केली, पॉझिटिव्ह आली. पोटातल्या गाठीत सुई घालून नमुना घेतला, सीबीनॅटला (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवला, टीबी निघाला. एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली, पंधरा दिवसांनी एआरटी (एचआयव्हीची औषधं). तीन महिन्यांनी आली तेव्हा त्याच लिनियर प्रोबनं मी पांथरीचा कोपरा न् कोपरा शोधला, एकही ठिपका नाही.

यावरून कुणी असं समजू नका की सोनोग्राफीनं टीबीचं निदान होतं. होत नाही. सोनोग्राफी फक्त सांगते की इथे काहीतरी आहे आणि सुई इथे घाला. पांथरीतले ठिपके लिम्फोमातही (गाठींचा एक कॅन्सर) दिसतात, पोटातलं पाणी लिव्हर खराब झाल्यावरही होतं, छातीतलं पाणी हार्ट फेल्युअरमध्येही होतं. आणि जिथे हवा किंवा हाड आडवं येतं तिथे तिचं काही चालत नाही, त्यामुळे फुफ्फुसाच्या आतलं, मेंदूतलं, मणक्यातलं तिच्याकडून कळत नाही. पाठदुखी आणि ताप असेल तर एमआरआयच लागतो, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तीन आठवड्यांच्या वर ताप, वजन उतरतंय, थुंकी-एक्सरेत काही नाही, अशा माणसाची सोनोग्राफी करायची तर चिठ्ठीवर प्रश्न लिहून करायची. "पोटातल्या गाठी, पांथरी, पोट-छाती-हृदयाभोवती पाणी बघावे, टीबीचा संशय." एवढी एक ओळ लिहून आली की बघणाऱ्याचा हात वेगळा चालतो, हे माझ्या हाताचं सांगतोय. मशीन आज बहुतेक प्रत्येक तालुक्याला आहे. कुणाचे अनुभव असतील तर लिहा.

पाणकणीस

वाचते आहे. फार गरजेच्या वेळी धागा आला. माझा मामेभाऊ पुण्यात असतो, वय एकतीस, मानेत उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे दोन महिन्यांपासून, मधून मधून ताप. दुखत नाही म्हणून त्यानंही मनावर घेतलं नाही. सर्जन म्हणाले काढून टाकू आणि तपासायला पाठवू. आम्ही नक्की काय विचारायला हवं?

जुनी_वाट

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं वाचून आईची आठवण आली म्हणून लिहिते आहे. माझ्या आईला सात महिने पोटाचा टीबी होता आणि सात महिने आम्ही लिव्हरची औषधं देत होतो. पोट नगाऱ्यासारखं झालेलं, हातापायाच्या काड्या. एका मोठ्या दवाखान्यात दोनदा पोटातलं पाणी काढलं, मी स्वतः तिथे उभी होते, नळीतून बाटलीत पडत होतं, पिवळसर, लिटर-सव्वा लिटर असेल, आणि मावशी ती बाटली घेऊन गेल्या आणि ओतून दिली. तपासायला काहीच पाठवलं नाही, पोट हलकं झालं ना म्हणाले. आई दारूच्या थेंबालाही शिवलेली नाही, कावीळ नाही, मग लिव्हर कशानं हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफीवाल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे होते, म्हणाल्या साधं पाणी असं दिसत नाही, हे पाठवायलाच हवं. पाण्याचं एडीए (टीबीच्या पाण्यात वाढणारं एक एन्झाइम) खूप वाढलेलं आलं. सहा महिने औषधं घेतली, आई आज चौऱ्याहत्तरची आहे, परवा तिनं घरी शेवया केल्या. पण ते सात महिने मी अजून विसरू शकत नाही.

गोदाकाठ

@जुनी_वाट, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्या बाईंनी पडदे ओळखले ही मोठी गोष्ट. पाण्यातले पडदे, आतड्याची बाहेरची चादर जाड होऊन गोळा झालेली, उजवीकडे खाली जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे भिंत जाड, हे एकत्र दिसलं की टीबीचा विचार करावाच लागतो. पण जे ओतून दिलं त्याबद्दल वाईट वाटतं. पोटातलं किंवा छातीतलं पाणी पहिल्यांदा काढलं की त्यातलं थोडं तरी तपासायला गेलंच पाहिजे, पेशी, प्रोटीन, एडीए, सीबीनॅट, कल्चर (जंतू वाढवून बघणं). एक सांगतो, अशा पाण्यात जंतू फार कमी असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही. आणि एडीए वाढलं म्हणजे टीबीच असंही नाही, पू झाला तरी वाढतं, लिम्फोमातही वाढतं. सगळं एकत्र ठेवून बघायचं असतं.

@पाणकणीस, तुमचं खाली लिहितो, पेशंट आलाय.

खडा_सवाल

एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. माझा मुलगा सात वर्षांचा असताना पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टात आलं "मेसेंटरिक लिम्फ नोड्स". लगेच एकानं सांगितलं पोटाचा टीबी आहे, सहा महिने एकेटी. ना ताप, ना वजन कमी, ना घरात कुणाला टीबी. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, ते म्हणाले पंधरा दिवस थांबू, जंताचं औषध द्या, खाणंपिणं बघा. पोटदुखी गेली ती गेलीच. आमच्या सोसायटीत अशाच गाठींवर सहा-सहा महिने औषधं घेतलेली तीन मुलं मला माहीत आहेत. तुम्ही म्हणता सोनोग्राफी जास्त करा, पण जास्त बघितलं की जास्त गाठी सापडतात आणि मग औषधांचा मारा, त्याचं काय?

गोदाकाठ

@खडा_सवाल, राग कसला, तुम्ही अगदी बरोबर बोट ठेवलंय. लहान मुलांच्या पोटात गाठी असतातच, साधा व्हायरल जुलाब झाला तरी वाढतात. पाच-सात मिलीमीटरची, लांबट, मधे पांढरी रेघ असलेली गाठ म्हणजे निरोगी गाठ. टीबीची गाठ सहसा मोठी, गोल, एकमेकींना चिकटलेली आणि मधे काळी पडलेली असते, आणि त्या मुलाकडे बघितलं तरी कळतं की ते खंगतंय. रिपोर्टात नुसतं "नोड्स" लिहून सोडणं ही आम्हा लोकांची चूक आहे, माप आणि रूप लिहायला हवं, आणि साध्या गाठी असतील तर साध्या आहेत असंही स्पष्ट लिहायला हवं. एकेटी हे काही टॉनिक नाही, लिव्हरवर येतं. पोटदुखी आणि चार गाठी एवढ्यावर ते सुरू करणाऱ्याला प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डर्बनहून

मी मूळची कोल्हापूरची, डॉक्टर आहे, दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात नोकरी करते. तुम्ही जे एकेक करून बघितलं ना, त्याचीच इथे ठरलेली पद्धत आहे, तिला फॅश म्हणतात. अपघाताच्या पेशंटच्या पोटात रक्त आहे का हे झटपट बघतात त्या फास्टवरून ते नाव पडलं. ही पद्धत आमच्याच प्रांताच्या उत्तरेला हलाबिसा नावाच्या ग्रामीण हॉस्पिटलमध्ये डॉ. टॉम हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, २०१० मध्ये त्यांनी तिथल्या साध्या डॉक्टरांना छोटा कोर्स देऊन शिकवल्याचा अनुभव छापला आणि २०१२ मध्ये चित्रांसकट पूर्ण पद्धत. तिथे रेडिओलॉजिस्ट नव्हते, एचआयव्ही आणि टीबी मात्र घराघरात. म्हणून ठरवलं की वॉर्डातल्या डॉक्टरनंच प्रोब हातात घ्यायचा आणि मोजकेच प्रश्न विचारायचे. हृदयाभोवती पाणी आहे का, छातीत आहे का, पोटात आहे का, हा पहिला टप्पा, तो कुणालाही शिकवता येतो. मग पुढचा टप्पा, पोटात दीड सेंटिमीटरच्या वर गाठी आहेत का, लिव्हरमध्ये आणि पांथरीत काळे ठिपके आहेत का.

मला सगळ्यात जास्त उपयोग हृदयाचा झाला आहे. माझ्याकडे एक जण आला, पाय सुजलेले, दम लागतोय, मानेच्या शिरा फुगलेल्या, हार्ट फेल्युअर म्हणून लघवीच्या गोळ्या सुरू होत्या आणि त्यानं तो आणखीच खचत चाललेला. छातीच्या हाडाखाली प्रोब लावला तर हृदय पाण्याच्या पिशवीत लटकल्यासारखं हलत होतं. त्याच संध्याकाळी पाणी काढलं, लालसर, जवळपास पाऊण लिटर. रात्री तो उताणा झोपला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, त्याआधी बसूनच झोपायचा. इथे एचआयव्ही असलेल्या माणसाच्या हृदयाभोवती पाणी दिसलं तर टीबी हेच पहिलं कारण धरतात.

पण आकडेही सांगते. २०१९ साली कॉक्रेननं एचआयव्ही असलेल्यांमधल्या पोटाच्या सोनोग्राफीचे अभ्यास एकत्र केले, तर जंतू सापडलेल्या पोटाच्या टीबीच्या शंभरातले साधारण ६३ सोनोग्राफीनं पकडले आणि टीबी नसलेल्या शंभरातल्या साधारण ६८ जणांना बरोबर नाही म्हटलं. अभ्यास थोडे होते, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. पण काही दिसलं नाही म्हणून टीबी नाही असं म्हणायची सोय नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. म्हणून आम्ही फारच अशक्त एचआयव्ही पेशंटमध्ये सोबत लघवीची लॅम टेस्ट (लघवीत टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी) करतो, पट्टीवर थेंब टाकायचा, अर्ध्या तासात उत्तर.

माळरान

+१ डर्बनहून. मग आपल्याकडे पीएचसीत, एआरटी सेंटरात हे का होत नाही? आता तर हातात मावणारी, मोबाइलला जोडायची मशिनं आलीत. आशाताईंच्या पिशवीत सुद्धा बसेल.

सातारी_बाई

@माळरान, ते इतकं सोपं नाही आणि ते सोपं असू नये असंही माझं मत आहे. मी मुलींच्या जन्माच्या प्रश्नावर काम केलंय. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली, मग केंद्राचा १९९४ चा आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ती मशिनं गाडीत घालून गावोगाव फिरवून हेच केलं लोकांनी. म्हणून २०१२ मध्ये पोर्टेबल मशीनवर बंधन आलं, नोंदणी केलेल्या जागेतल्या भरती पेशंटसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यातच. माझ्या डोळ्यासमोर पिशवीतलं मशीन आलं की मला आधी त्या मुली दिसतात.

माळरान

मान्य ताई. मी तो विचारच केला नव्हता. पण दोन्ही जीवच आहेत ना, मग काहीतरी रस्ता हवा.

गोदाकाठ

@सातारी_बाई, मी त्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात काम करतो, तुमचा एक शब्दही खोडणार नाही. मशीन पिशवीत घालायची गरज नाही असं मला वाटतं. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात नोंदणी झालेलं मशीन एका खोलीत आहेच, सकाळी गरोदर बायांची रांग असते, दुपारी बऱ्याच ठिकाणी खोलीला कुलूप असतं. आठवड्यातून दोन दुपारी एआरटी सेंटरचे आणि लांबलेल्या तापाचे पेशंट तिथे यावेत, बघणारा कायद्यानं पात्र असलेलाच असावा, नोंदी ठेवाव्यात. कायदा तसाच राहतो आणि मशीनही कामाला येतं. मी आमच्या इथे बुधवार-शनिवार असं सुरू करायचं म्हणून बोलणं लावलंय.

निक्षयवाला

मी क्षयरोग कार्यक्रमात सुपरवायझर आहे, बारा वर्षं मोटरसायकलवर टीबीचे पेशंट शोधतोय. @पाणकणीस ताई, तुम्ही विचारलं ना काय विचारायचं, तर माझं हात जोडून सांगणं आहे, फॉर्मलिन विचारा. गाठ काढतात किंवा तुकडा घेतात आणि सवयीनं सगळाच्या सगळा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. पॅथॉलॉजीला ते बरोबर आहे, पण फॉर्मलिननं जंतू मरतात, मग कल्चर होत नाही आणि सीबीनॅट आणि ट्रूनॅटचंही (तसलीच दुसरी तपासणी) काही खरं नाही. मग रिपोर्ट येतो "टीबीसदृश" आणि रिफाम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) चालतंय का नाही ते कळतच नाही, आणि ते न कळता औषधं सुरू. एमडीआर (मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी) असला तर चार महिन्यांनी कळतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सांगा, दोन बाटल्या, एक फॉर्मलिनची, एक साध्या नॉर्मल सलाइनची. सलाइनची त्याच दिवशी लॅबला गेली पाहिजे, आम्हाला फोन केला तर आमचा माणूस घेऊन जातो, सरकारी तपासणी फुकट आहे. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात तयार होतं आणि आता तालुक्यापर्यंत आलंय.

आणि खासगीत औषधं घेत असले तरी निक्षयवर (सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर) नोंद करून घ्या. फुफ्फुसाबाहेरच्या टीबीलाही पोषण आहाराचे पैसे मिळतात, आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. कितीतरी लोकांना वाटतं खोकला नाही म्हणजे आपली नोंद होत नाही.

गोदाकाठ

@निक्षयवाला, तुम्ही माझं काम केलंत, दोन बाटल्यांचं मी सुद्धा कितीदा ओरडून सांगतो. @पाणकणीस, त्यात एवढीच भर, की गाठ काढायच्या आधी मानेची सोनोग्राफी करून सुईनं नमुना घेता येतो का विचारा. गाठीत बऱ्याचदा मधे पू झालेला असतो आणि कडेला जिवंत भाग, कुठल्या भागातून ओढायचं ते स्क्रीनवर बघून ठरवता येतं, आंधळी सुई घातली तर नुसता सडका माल येतो. सर्जनचं म्हणणंही चूक नाही, लिम्फोमाची शंका असेल तर अख्खी गाठच लागते, त्यांच्याशी बोला. आणि छातीचा एक्सरे आणि एचआयव्ही, शुगर एवढं राहू देऊ नका.

पाणकणीस

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अकरा दिवसांनी लिहिते आहे. भावाची सोनोग्राफी झाली, वरून एक गाठ दिसत होती पण आत चार होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. सुईनं नमुना घेतला, सर्जनना दोन बाटल्यांचं सांगितलं तर त्यांनी सिस्टरला हाक मारून सलाइनची बाटली मागवली, आणि ती मी स्वतः रिक्षातून लॅबला नेली. सीबीनॅटला टीबी निघाला, रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स नाही. कालपासून औषधं सुरू झाली. आज सकाळी घाबरून फोन आला, लघवी लाल होते आहे म्हणून.

गोदाकाठ

रिफाम्पिसिननं होते ती, केशरी-लालसर, औषध चालू आहे तोवर राहील, घाबरू नका म्हणावं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा नजर अंधुक वाटली, रंग फिके दिसायला लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणखी एक आत्ताच सांगून ठेवा, एक-दोन महिन्यांत गाठ उलट मोठी होऊ शकते किंवा शेजारी नवी येऊ शकते. औषध लागू पडत असतानाही तसं होतं, बरेच जण तिथेच औषध बंद करतात. बंद करायचं नाही, दाखवायला जायचं. आणि आत्ता झालेल्या सोनोग्राफीचे फोटो मापांसकट जपून ठेवा, दोन महिन्यांनी शक्यतो ज्यांनी ती केली त्यांच्याकडेच परत करा.

जुनी_वाट

@पाणकणीस, भावाला सांग औषध रिकाम्या पोटी नीट जात नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडं काहीतरी खाऊन घेता येतं. माझ्या आईला पहिले पंधरा दिवस फार मळमळायचं. मी तिला नाचणीची पातळ आंबील द्यायचे, तेवढीच टिकायची. काही लागलं तर व्यनि कर.